भैयाजींचा विरोध नोंदवला

मधुकररावांनी त्या सकाळी फाईलची नाडी आठ वेळा बांधली आणि सात वेळा सोडली. मग खुर्ची खिडकीपाशी नेली. मग ती पुन्हा जागच्या जागी आणली. कूलरसमोर उभे राहिले तर थंडी वाजायची, दूर गेले तर घाम फुटायचा. नागपूर, एप्रिल महिना, सकाळचे साडेदहा. अशा वेळी ज्याला थंडी वाजते त्याच्या पोटात काहीतरी लपलेलं आहे, हे समजायला डॉक्टर लागत नाही.

मधुकरराव विद्यापीठात कक्ष अधिकारी. ते विद्यापीठ शहरात नेमकं कुठे, हे विचारत बसू नये. कुठेतरी आहे एवढं पुरे. त्यांच्याकडे काम विद्वत परिषदेचं. कोणता अभ्यासक्रम सुरू करायचा, कोणता बंद करायचा, नवी विद्याशाखा काढायची की नाही, हे सगळं ठरवणारी ही चाळीस विद्वानांची सभा. ठरवायचं काम विद्वानांचं. पण विद्वानांनी काय ठरवलं, ते ठरवायचं काम मधुकररावांचं. म्हणजे इतिवृत्त लिहिण्याचं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी इतिवृत्त प्रामाणिकपणे लिहिलं होतं. जो जे बोलला ते सगळं उतरवलं, चौऱ्याण्णव पानं भरली. तेव्हाच्या कुलसचिवांनी चार पानं वाचली आणि गठ्ठा परत सरकवला. "हे काय आणलं गा? याच्यात तं लोक बोलून राहिले!" तेव्हापासून मधुकरराव शिकले. आणि शिकता शिकता त्यांच्या लक्षात आलं की सभेत काय होणार हे विषयपत्रिका पाहूनच कळतं. मग सभा होईपर्यंत थांबायचं कशाला? ते आदल्या संध्याकाळीच इतिवृत्त टाईप करून ठेवू लागले. कोण प्रस्ताव मांडणार, कोण अनुमोदन देणार, 'चर्चेअंती एकमताने मंजूर' कुठे येणार, सगळं. एकतीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. एकदा तर त्यांनी गमतीनं लिहून ठेवलं की, 'एका सन्माननीय सभासदांच्या हातून पाण्याचा ग्लास सांडल्याने कामकाज दोन मिनिटे थांबले.' दुसऱ्या दिवशी बरोब्बर त्याच सभासदाच्या हातून ग्लास सांडला. ते सभासद नंतर निवृत्त होईपर्यंत सभेत तहानलेलेच बसायचे, असं जुने लोक सांगतात.

यात एकच जागा जरा जपून लिहावी लागायची. ती भैयाजींची.

भैयाजी सव्वीस वर्षांपासून सभासद. त्यांनी आजवर प्रत्येक विषयाला विरोध केलेला. मागे दुखवट्याच्या ठरावाला सगळे उभे राहिले, तर हे म्हणाले, "दोन मिनिटं काहून? एक पुरे. माझा विरोध नोंदवा." त्यामुळे प्रत्येक विषयाखाली 'भैयाजी यांनी विरोध नोंदवला' ही ओळ मधुकरराव आधीच टाकून ठेवत. भैयाजी नंतर छापील प्रत घेऊन त्या ओळी बोटानं मोजत. एखादी कमी पडली तर त्यालाही विरोध नोंदवत.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग तीन वर्षांपूर्वीची ती पाटवडी आली.

त्या दिवशी विषय क्रमांक चौदा होता: 'जलविद्या ही नवी विद्याशाखा स्थापन करणे व तिच्या अंतर्गत तलाव व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करणे.' मधुकरराव मूळचे कुही तालुक्यातले. गावचं धान मालगुजारानं, म्हणजे जुन्या जमीनदारानं, बांधलेल्या तलावावर पिकायचं. तो तलाव त्यांच्या डोळ्यांदेखत गाळानं भरला, आणि एकही शिकलेला माणूस तिकडे फिरकला नाही. आदल्या संध्याकाळी टाईप करता करता त्यांचा हात भैयाजींच्या विरोधापाशी आला आणि थांबेना. नेहमीच्या एका ओळीऐवजी अर्धं पान झालं: 'भैयाजी यांनी तीव्र विरोध नोंदवून सांगितले की, मुलांना खोलीत बसवून पाणी शिकवण्याला अर्थ नाही. दर शनिवारी त्यांना तलावावर न्यावे, गाळात उतरवावे, जे म्हातारे पाण्याची पाळी वाटत आले त्यांच्यापुढे बसवावे. हे होणार नसेल तर शाखा काढूच नये.' खाली त्यांनी लिहिलं, 'सदर सूचनेचा समावेश करून प्रस्ताव मंजूर.'

दुसऱ्या दिवशी सभा तेराव्या विषयापर्यंत आली तेव्हा एक वाजला होता. खालच्या मजल्यावर पाटवडीच्या रश्शाचं झाकण कोणीतरी उघडलं. तो वास जिन्यानं वर आला, दारातून आत शिरला आणि सभेतले सगळे विद्वान एकदम उठले. 'उरलेले विषय जेवणानंतर,' कुलगुरू म्हणाले, पण ते स्वतः तोवर जिन्यात होते. जेवणानंतर कोणी परत आलं नाही. कोणी गाडीत झोपलं, कोणी घरी जाऊन झोपलं.

मधुकरराव विषय चौदा काढून टाकायला टेबलाशी आले, तर टेबल रिकामं. इतिवृत्त तयार दिसलं म्हणून कुलगुरूंच्या कार्यालयातून माणूस येऊन घेऊनही गेला होता. चार वाजता सही झाली. 'काय हो मधुकरराव, काय वेग आहे तुमचा!' अशी शाबासकी मिळाली. पुढल्या बैठकीत पहिला विषय नेहमीचाच, मागचं इतिवृत्त कायम करणं. बिस्किटाचा पुडा फुटायला लागतो तेवढ्या वेळात ते कायम झालं. ज्यांनी वाचलं त्यांना वाटलं, आपण दुसऱ्यांदा रस्सा घ्यायला गेलो तेव्हा हे झालं असेल.

आणि जी शाखा कोणी काढलीच नव्हती, ती सुरू झाली. अधिष्ठाता नेमले गेले, जाहिरात आली, चौदा मुलांनी प्रवेश घेतला. दर शनिवारी ती तलावावर जाऊ लागली. एका गावानं तर 'तलावाची खरी कळकळ असलेले विद्वान' म्हणून भैयाजींना बोलावून शाल आणि नारळ दिला. भैयाजींनी सत्कारालाही विरोध नोंदवला, पण शाल घरी नेली.

तीन वर्षं मधुकररावांनी हे पोटात ठेवलं होतं. आता ते बाहेर येऊ घातलं होतं. आजच्या विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर डॉ. धर्मेंद्र यांचा प्रश्न होता: 'जलविद्या शाखेच्या स्थापनेवर विद्वत परिषदेत प्रत्यक्ष चर्चा कधी झाली? झाली नसल्यास शाखा व तिच्या पदव्या अवैध ठरवाव्यात.' धर्मेंद्र नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या एका कॉलेजातले, नवे सभासद. नवा माणूस कागद वाचतो, ही मोठी अडचण.

काल संध्याकाळी मधुकररावांनी सवयीनं आजचं इतिवृत्त टाईप केलं. सहापर्यंत बोटं धावली. सातवर येऊन थांबली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एक जागा कोरी सोडली.

ते पुन्हा नाडीकडे वळले तेवढ्यात दारात श्वेता आली. पहिल्या तुकडीतली मुलगी, कुहीकडचीच. परीक्षा देऊन महिना झालेला. बुटांना वाळलेला गाळ, काखेत पाण्याची पातळी मोजायची पट्टी.

"काका, डिग्रीवर सही कधी होईल?"

"कोणाची?"

"अधिष्ठात्यांची. दुसऱ्या कोणाची राहते?" ती हसली. "जिल्हा परिषदेत तलावाच्या कामावर घेतलं मले. पंधरा तारखेच्या आत पदवी दाखवा म्हणते. आमच्या चौदापैकी सहा जणांचं तसंच आहे. साहेब म्हणाले, आज मीटिंग झाली की करतो."

"आज... हो. आज मीटिंग आहे."

"तुमाले घाम काहून येऊन राहिला, काका? कूलर तं सुरू आहे."

"काही नाही वं. उन्हातून आलो."

"सकाळपासून इथंच आहा, प्यून सांगत होता." मग तिनं आवाज खाली केला. "भैयाजी सर आले का? त्यांच्या पाया पडायचं होतं. त्यांनी शनिवारचं धरून लावलं नसतं तं आम्ही काय शिकलो असतो? फळ्यावरचं पाणी!"

ती बाहेर बाकावर जाऊन बसली. पट्टी मांडीवर आडवी धरून. मधुकररावांना उगाचच ती पट्टी छडीसारखी दिसली.

त्यांच्या शर्टच्या खिशात एक पत्र होतं. हुडकेश्वरच्या घरी सकाळी चहाच्या कपाशेजारी बसून लिहिलेलं. सगळं कबूल केलं होतं: चर्चा झाली नाही, मी लिहिली, शिक्षा मला करा, मुलांच्या पदव्या वाचवा. पत्नी कुसुमताईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, द्या तर द्या, नाही तर फाडा. पण आठ दिवसांपासून घरात येरझाऱ्या घालून राहिलात, फरशी झिजली माझी." द्यायचं, तर शाखा नव्हतीच हे आपल्याच हातानं सिद्ध होणार. नाही द्यायचं, तर धर्मेंद्र सिद्ध करणार. दोन्हीकडून मुलंच पाण्यात. मधुकरराव उजव्या पायावरून डाव्यावर आले, डाव्यावरून उजव्यावर.

अकराला सभा भरली. तर्रीपोहे झाले, पहिले सहा विषय झाले. सहाही वेळा भैयाजींनी विरोध नोंदवला. मधुकरराव कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते आणि त्यांचा गुडघा असा हलत होता की टेबलावरची टाचणी पुढे पुढे चालत कडेपर्यंत आली आणि खाली पडली.

"विषय सात," कुलगुरू म्हणाले.

धर्मेंद्र उभे राहिले. गोरेपान, नीट इस्त्री, हातात टॅब. "सर, मी ध्वनिमुद्रण मागवलं होतं. त्यात तेराव्या विषयानंतर खुर्च्यांचा आवाज आहे आणि मग कोणीतरी 'वाह, पाटवडी' म्हणतं. पुढे काही नाही. मग विषय चौदा कुठे झाला? जिन्यात?"

सभेत कुजबुज झाली. दोघंतिघं छताकडे पाहू लागले.

"यंत्र बंद राहिलं असेल," कुणीतरी म्हणालं.

"असेल. म्हणून मी दुसरा पुरावा मागतो. भैयाजी प्रत्येक सभेची डायरी ठेवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी ती आज आणली आहे. वाचून दाखवू द्या."

भैयाजींच्या पुढ्यात खरंच ती जाडजूड डायरी होती, निळ्या कापडात बांधलेली. मधुकररावांनी ती पाहिली आणि त्यांच्या कानात कूलरच्या आवाजाशिवाय काही उरलं नाही.

"त्याआधी," कुलगुरू कोपऱ्याकडे वळले, "मधुकरराव, तुम्हीच सांगा. काय झालं होतं?"

मधुकरराव उठले. हात खिशात गेला. पत्राची घडी बोटांना लागली. दाराच्या काचेतून बाकावरची श्वेता दिसत होती. त्यांनी पत्र अर्धं बाहेर काढलं आणि तोंड उघडलं.

"थांबा!" भैयाजी टेबलावर हात मारून गरजले. "अधिकाऱ्याले सभेत बोलायचा अधिकार नाही. नियम आहे. माझा विरोध नोंदवा."

"पण भैयाजी, मीच विचारलं..."

"तुम्ही विचारलं त्यालेही विरोध."

मधुकरराव बसले. पत्र अर्धं आत, अर्धं बाहेर.

भैयाजींनी डायरीचं कापड सोडलं. चष्मा लावला. पानं उलटली, एक, दोन, दहा. तारीख सापडली. त्यावर बोट ठेवून त्यांनी ते पान खालपर्यंत वाचलं. मग दुसऱ्या हातानं छापील इतिवृत्त ओढलं आणि विषय चौदा काढला. तेही वाचलं. ओठ हलत होते. सगळी सभा त्या ओठांकडे पाहत होती. मध्येच त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि ते अर्धं पान पहिल्यापासून परत वाचलं.

मग ते उभे राहिले आणि मोठ्यानं वाचू लागले. डायरीतलं नव्हे, इतिवृत्तातलं.

"मुलांना खोलीत बसवून पाणी शिकवण्याला अर्थ नाही..."

आवाज आधी सरकारी होता. गाळापाशी आला तेव्हा थोडा भरला. पाण्याची पाळी वाटणाऱ्या म्हाताऱ्यांपाशी आला तेव्हा भैयाजींचा हात आपोआप वर गेला होता. संपलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, आणि सभेत टाळ्या वाजवण्याला भैयाजींनी विरोध नोंदवला नाही.

"हे मी बोललो," ते म्हणाले. "कोणाले शंका?"

"भैयाजी, मी डायरीबद्दल विचारलं," धर्मेंद्र म्हणाले. "डायरीत हे आहे का?"

"नाही."

"मग?"

"डॉक्टर, डायरीत मी तेच लिहितो जे इतिवृत्तात येत नाही. हे इतिवृत्तात आलं. मग डायरीत काहून लिहू? दोन-दोनदा लिहायले मी काय नोटिसबोर्ड आहो?" त्यांनी डायरी मिटली. "ज्या माणसाचा विरोध कागदावर आहे, तो तिथं होता. विषय झाला नसता तं मी विरोध कशाले केला असता? मी काय येडा आहो?"

धर्मेंद्र टॅबवर काहीतरी शोधू लागले. तेवढ्यात डॉ. मयुरा उठल्या. इतिवृत्तात अनुमोदक म्हणून त्यांचं नाव होतं. "मला स्पष्ट आठवतं. अनुमोदन देताना माझा घसा बसला होता." तिसऱ्या रांगेतून कोणी म्हणालं, "मी तेव्हा बाक वाजवला होता, त्याचा पाय तेव्हापासून हलतो." पाय पाहिला गेला. हलत होता. मग तर आठवणींचा पूरच आला. कोणाला चर्चा दीड तास चाललेली आठवली, कोणाला अडीच. एकाला विहंग सरांचा मुद्दा आठवला. विहंग सर त्या दिवशी रायपूरला भाच्याच्या लग्नात होते. त्यांनाही हळूहळू आठवला आणि शेवटी ते म्हणाले, "हो, पण मी तो जरा वेगळ्या शब्दांत मांडला होता." जेवायला उठलो होतो असं म्हणायला चाळीसांत एक माणूस तयार होईना.

"ठीक," धर्मेंद्र थकून म्हणाले. "तरी माझा प्रस्ताव मतास टाका. शाखा रद्द करावी."

"प्रस्तावाला कोणाचा विरोध?" कुलगुरूंनी विचारलं.

प्रश्न संपायच्या आत भैयाजींचा हात वर होता. ज्यानं जन्मभर प्रत्येक ठरावाला विरोध केला, त्याच्यापुढे कोणी रद्द करण्याचा ठराव आणला होता. त्यांच्या मागोमाग हात वर येत गेले. धर्मेंद्र यांनी ते मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

सभा सुटली. सगळे जिन्यानं खाली गेले. वर फक्त मधुकरराव राहिले आणि तो हलणारा गुडघा. त्यांना वाटलं होतं, सुटलो की हा थांबेल. थांबत नव्हता. दाराबाहेर श्वेता अधिष्ठात्यांच्या मागे शिक्क्याची डबी घेऊन चाललेली दिसली. पट्टी बाकावरच विसरली होती.

भैयाजी परत आले. त्यांनी डायरी टेबलावर उघडी ठेवली. मधुकररावांनी वाचलं: '१ वा. १० मि. पाटवडीचा वास. उठलो. विषय १४ राहिला. रस्सा तिखट. विरोध नोंदवला.'

मधुकररावांनी खिशातलं पत्र काढलं आणि पुढे केलं. भैयाजींनी ते घेतलं नाही.

"ठेवा खिशात. सव्वीस वर्षं झाली, मधुकरराव. हजारेक विषयांले विरोध केला असेन. पोरंबाळंही घरी म्हणते, आबा उगाच भांडते. आणि त्या दिवशीचं वाचलं तं वाटलं, अरे, हे आपण बोललो? इतकं चांगलं?" ते खुर्चीत टेकले. "तीन वर्षं मी वाट पाहून राहिलो का कोणी म्हणेल, हे भैयाजी बोललेच नाही. कोणी म्हणेना. झोप लागत नाही मले. माणसाले शाल मिळते ते त्यानं न बोललेल्यासाठी, हे काय बरं आहे?"

"चूक माझी आहे, भैयाजी."

"आहेच. त्याले माझा विरोध नाही." हे शब्द त्यांच्या तोंडातून निघाल्यावर दोघंही जरा दचकले. "मी तो तलाव अजून पाहिला नाही, मधुकरराव. शाल घेतली, तेही गावच्या शाळेतच. या शनिवारी पोरांसंगं मले घेऊन चला."

शनिवारी ऊन डोक्यावर यायच्या आत ते कुहीच्या पलीकडल्या तलावावर पोहोचले. परीक्षा संपली तरी चौदाही मुलं सवयीनं आली होती. श्वेता गुडघाभर गाळात उतरून पट्टी रोवत होती. खिशात सही-शिक्क्याची पदवी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. पंधरा तारखेला तीन दिवस बाकी होते. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, म्हातारा प्रेमानंद बसला होता. पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ सोडायचं हे चाळीस वर्षं तोच सांगत आला होता, आणि त्याच्यापुढे मुलं वह्या उघडून बसली होती.

भैयाजींनी पँट वर खोचली आणि पाण्यात पाय घातला. बराच वेळ ते बोललेच नाहीत. मधुकररावांना पुन्हा चुळबुळ सुरू झाली. ते पाळीच्या या टोकाला गेले, त्या टोकाला गेले. एवढा वेळ भैयाजी गप्प, म्हणजे काय समजायचं? एकतीस वर्षांत हे त्यांना लिहून ठेवता आलं नव्हतं.

"मधुकरराव!" शेवटी हाक आली. "सांडव्याची भिंत खचून राहिली. प्रेमानंद म्हणतो, दोन पावसाळे सांगून राहिलो, कोणी ऐकत नाही. आणि ही पोरगी म्हणते, गाळ काढला तं आणखी दोन हात पाणी थांबेल. यावर्षी हे झालं नाही तं माझा विरोध आहे. कडक. लिहा."

मधुकररावांनी खिसे चाचपले. पेन होतं, कागद नव्हता. शर्टच्या खिशात हात गेला, तर ते पत्र. त्यांनी घडी उलगडली, पालथी केली, मांडीवर सपाट केली. कोरी बाजू उन्हात पांढरीशुभ्र दिसत होती. पेन टेकवलं आणि हात सवयीनं पुढे धावायला लागला, 'चर्चेअंती', म्हणून त्यांनी ते खोडलं आणि पेन वर उचललं.

"लिहिता का नाही?" भैयाजी पाण्यातून ओरडले.

"लिहितो," मधुकरराव म्हणाले. "पण आधी तुम्ही पूर्ण बोला."